पंचनाम्यात नसलेला रकाना

पंचनाम्याला गेलं की शेतकऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. यादीत नाव येईल ना, पैसे कधी पडतील? मी कृषी सहायक, माझी उत्तरंही ठरलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मात्र एका आजोबांनी मला अडवलं.

नाल्याकाठचं वावर. पुरानं सोयाबीन तर नेलंच, वरची काळी मातीही खरडून नेली होती. खालचा मुरूम उघडा पडला होता आणि स्प्रिंकलरचा एक पाइप धुऱ्यावरच्या बाभळीत अडकून लोंबत होता. तलाठी भाऊ गट नंबर लिहीत होते, मी फोटो काढत होते. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं की मदत. फॉर्म एवढंच विचारतो.

"म्याडम, टीव्हीवाले म्हनतात हे हवामान बदलानं झालं. तसं असन तं गुन्हा कोनावर लावाचा?"

तलाठी हसले. पण हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारलाय. जानेवारी 2003 मध्ये थेम्सचा पूर स्वयंपाकघराच्या दारापाशी आला असताना मायल्स अ‍ॅलन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 'नेचर'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: याची भरपाई मागायची कुणाकडे? पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट आणि त्यांनी मिळून दाखवलं, की 2003 सालच्या युरोपातल्या उष्ण उन्हाळ्याचा धोका माणसामुळे निदान दुप्पट झाला असावा.

मी सांगितलं, "आजोबा, संगणकावर दोन पृथ्वी चालवतात. एक आजची, एक आपण धूर सोडलाच नसता तर असती तशी. दोन्हीकडं असा पाऊस किती वेळा पडतो ते बघतात. जुन्या नोंदीही ताडून घेतात."

"म्हंजे खताचं वावर अन् बिनखताचं वावर."

मी प्रशिक्षणात हे इतक्या सोप्या शब्दांत कधी ऐकलं नव्हतं.

मग मी आकडेच सांगितले. मार्च-एप्रिल 2022 ची भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट हवामान बदलामुळे सुमारे 30 पट अधिक संभाव्य झाली. जुलै 2024 मध्ये वायनाडमध्ये दरड कोसळली, त्या दिवसाचा पाऊस साधारण 10 टक्के वाढलेला निघाला. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे हे नवलाचं नाही. उलट 2015 च्या चेन्नईच्या अतिवृष्टीत माणसाचा हात स्पष्ट दिसला नाही, तेही शास्त्रज्ञांनी तसंच सांगून टाकलं. माझा विश्वास बसतो तो यामुळेच. आमच्याकडे संत्र्यावर पडते त्या गारपिटीबद्दल तर ते फारच जपून बोलतात; गारा एवढ्याशा जागेत पडतात की जुन्या नोंदी तुटपुंज्या आणि मॉडेललाही त्या नीट पकडता येत नाहीत.

"अन् माह्या वावराचं?"

एका वावराचा हिशोब असा निघत नाही. त्याला मोठा टापू लागतो, कित्येक वर्षांचा पाऊस लागतो. आमच्या मंडळातलं पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र कालपरवाचं. शिवाय हे सगळं गणित पावसाचं, नुकसानीचं नाही. नाल्यावरच्या पुलाचे पाइप पऱ्हाट्या अन् गाळानं गच्च होते, हे मला दिसतच होतं.

"मंग तेवढं तं लिहा ना बाप्पा," आजोबा म्हणाले.

तलाठी भाऊ कुरकुरले, शेऱ्यात असलं लिहायची पद्धत नाही म्हणून. मी त्यांच्याकडून पेन घेतला आणि पाइप तुंबल्याचं लिहिलं, फोटोही जोडला.