सुझौ : एका अक्षराचं डोकं, पोट आणि शेपूट

चीनमधल्या शांघायहून वेगवान गाडीने सुझौ शहर अर्ध्या तासावर आहे. तिथे मेट्रोच्या १ नंबर लाइनने शियांगमेनला उतरून पिंगजियांगच्या जुन्या वस्तीत शिरलो, की झोंगझांगजिया गल्लीत कुन्छू या जुन्या चिनी संगीत नाट्याचं संग्रहालय लागतं. शान्शी प्रांतातल्या व्यापाऱ्यांची ही जुनी वास्तू. चौकातला रंगमंच तीन बाजूंनी उघडा आहे आणि त्याच्या छताला कोरीव लाकडी तुकड्यांचा गोल फिरत चढलेला घुमट आहे. मंचासमोर उभं राहून आधी वर बघावं.

कुन्छूची खरी साथ आडव्या बासरीची, पण मी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्दाकडे कान द्यायला सांगेन. १६व्या शतकात ताइत्सांगच्या वेई लियांगफू यांनी शेजारच्या कुन्शानच्या गायकीला नवं वळण दिलं. त्या गायकीला शुइमो म्हणतात. पाणी घालत जात्यावर दळलेल्या चिकट तांदळाच्या पिठाशी तिची तुलना करतात : मऊ, एक कण जिभेला लागू नये अशी.

हे दळण अक्षराचं असतं. अक्षराला डोकं, पोट आणि शेपूट मानतात. ‘थिएन’, म्हणजे आकाश, हा शब्द घ्या. ‘थ’ जिभेच्या टोकाने हलकेच सोडायचा, ‘इ’वरून सरकत मधल्या स्वरावर यायचं, सगळं वळण तिथेच घ्यायचं आणि अगदी शेवटी जीभ वर टेकवून ‘न’ मिटवायचा. नवशिके हमखास चुकतात ते इथेच. ‘न’ लवकर आला की उरलेल्या मात्रा नाकातून निघतात आणि आवाज दबतो. तो मिटवलाच नाही, तर ऐकणाऱ्याच्या कानी दुसराच शब्द पडतो. कुन्छूच्या दक्षिणी चालींत काही शब्दांचा उच्चार मुळात आखूड असतो. तो शब्द म्हटल्याबरोबर तोडायचा, क्षणभर थांबायचं आणि मग सूर पुढे न्यायचा. ही तोड ऐकायला फार सुंदर लागते.

दक्षिणी चालींतली संथ गाणी चार मात्रांचं आवर्तन आठ मात्रांवर ताणतात, म्हणून शिकवणी टेबलावर हात आपटत चालते : मुख्य ठोक्याला तळवा, मधल्या मात्रांना बोट. जुन्या वहीत उभ्या ओळीतल्या शब्दांच्या उजवीकडे सूर लिहिलेले दिसतात. शांग, छे, गोंग, फान, लिउ, वू, यी हे आपले सा ते नी. पण त्यात फक्त सांगाडा असतो. हरकती गुरूच्या तोंडूनच घ्याव्या लागतात, आणि गुरू गेला की त्याही जातात.

तरुण स्त्रीचं पात्र बारीक, कृत्रिम आवाजात गातं. तरुण नायक खाली खऱ्या आवाजात आणि वर बारीक आवाजात जातो. तो सांधा ऐकू येऊ न देणं हेच त्याचं कसब.

१७९०मध्ये छियानलाँग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्हुई प्रांतातल्या नाटक मंडळ्या बीजिंगला गेल्या आणि त्यातून पुढे पेकिंग ऑपेरा घडला. तिथे बासरीची जागा जिंगहू या तीक्ष्ण आवाजाच्या, गजाने वाजवायच्या तंतुवाद्याने घेतली. कुन्छू मागे पडत गेलं. १९२१मध्ये सुझौत मुलांना शिकवायला संस्था निघाली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या रंगमंचीय नावांत ‘छुआन’, म्हणजे पुढे सोपवणं, हे अक्षर घातलं गेलं. १९५६च्या ‘शिवू ग्वान’ या नाटकाने कलेला पुन्हा उभं केलं. त्यामागे याच पिढीचे हात होते. २००१मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या १९ नोंदींत कुन्छू आलं.

एक गल्लत टाळा. पिंगजियांग रस्त्यावरच्या चहाघरांत दोघं जण बसून पिपा हे तंतुवाद्य आणि तीनतारी सानशिएन वाजवत गातात, ते कुन्छू नव्हे. ते पिंगथान, सुझौच्या बोलीतलं कथागायन. तेही ऐकावंच, पण कुन्छूसाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवा आणि पुढची जागा घ्या, म्हणजे गाणाऱ्याच्या ओठांवर शेपूट मिटताना दिसेल.