कोब्रा रेप्लिकाची चाके निवडताना

४२७ कोब्रा या १९६० च्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची ओळख तिच्या १५ इंची, हॅलिब्रँड कंपनीच्या चाकांत आहे. त्यामुळे नागपुरात आम्ही बांधत असलेल्या रेप्लिकाला, म्हणजे तिच्या प्रतिकृतीला, १७ इंची रिम लावण्याचा मित्राचा सल्ला मला मुळीच पटला नाही. मोठ्या रिममुळे टायरची उंच, काळी बाजू दिसली नाही, तर ती गाडी कोब्रा वाटतच नाही.

खरा विचार करावा लागला तो ऑफसेटचा, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम गाडीला जिथे टेकते तो पृष्ठभाग यांतल्या अंतराचा. २५ मिलिमीटर ऑफसेटच्या रिममागे १० मिलिमीटरचा स्पेसर (मध्ये बसवायची चकती) लावला की प्रत्यक्ष ऑफसेट १५ उरतो, म्हणजे चाक तेवढे बाहेर सरकते आणि मडगार्डची कमान भरलेली दिसते, पण बेअरिंगवरचा ताणही वाढतो. म्हणून स्पेसर हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) नेमका बसणाराच हवा आणि नट स्टडच्या, म्हणजे हबवरच्या आटे असलेल्या खिळीच्या, व्यासाइतका तरी आत फिरलाच पाहिजे. या बाबतीत तडजोड मला मान्य नाही. मडगार्डच्या आतल्या कडेला मळलेल्या शाडूचा थर लावून आम्ही स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवले, तेव्हा टायरचा खांदा नेमका कुठे घासतो, हे त्यावर उमटलेल्या ओरखड्याने दाखवून दिले.

टायर २०५/६० (मिलिमीटरमधली रुंदी आणि बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते) ऐवजी २२५/६० घेतला, तर व्यास ६२७ वरून ६५१ मिलिमीटर होतो आणि २०५ साठी जुळवलेला स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६२ च्या वेगाने धावते. आम्ही २०५ च ठेवले. मे महिन्यात इथले सिमेंट रस्ते भाजून निघतात, त्यामुळे टायरवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार अंकी क्रमांक वाचूनच ते घेतले. हवा मात्र सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची.