खांदेरी: तटाआधी पाणी बघा

अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात असलेल्या खांदेरी किल्ल्याला जाणारे बहुतेक जण धक्क्यावर उतरतात, बेटावरच्या वेताळाला नमस्कार करतात, दगड वाजवून बघतात, तोफांपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. त्यात वाईट काहीच नाही. पण मराठे आणि इंग्रज यांच्यातली १६७९ ची लढाई समजून घ्यायची असेल तर थळच्या किनाऱ्यापासूनच डोळे उघडे ठेवा. ती लढाई किल्ल्यासाठी झाली, पण तटावर नाही. तट तेव्हा बांधून व्हायचा होता. निकाल लागला तो थळ आणि खांदेरी यांच्यामधल्या चार-पाच किलोमीटर पाण्यात.

थळ अलिबागपासून जवळ, रेवसच्या रस्त्यावर. मुंबईहून येणाऱ्यांनी लाँचने मांडवा गाठावं आणि तिथून रिक्षा करावी. थळच्या कोळीवाड्यात विचारलं की होडी मिळते. ती माणशी नाही, अख्खी ठरते, म्हणून आठ-दहा जण असलेले बरे. बेटावर जायला सध्या परवानगी लागते का, हे फोनवर नाही तर तिथल्याच माणसाकडून आदल्या दिवशी पक्कं करून घ्या. पावसाळ्यात नावच काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र निवांत असतो.

भरतीचं गणित घरूनच करून निघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. म्हणजे दशमी ते द्वादशी, कुठल्याही पक्षातली, सकाळी निघायला उत्तम. होडी किनाऱ्याला लागते आणि गुडघाभर चिखल तुडवावा लागत नाही. गणितात थोडं इकडेतिकडे होतं, शेवटचा शब्द तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा.

होडी जरा आत गेली की उत्तरेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर मुंबईच्या इमारती दिसतात. लढाईचं कारण तेवढ्या एका नजरेत कळतं. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी चाकर. पावसाळ्यात त्याचा जहाजांचा काफिला मुंबईत माझगावला मुक्काम ठोकायचा आणि तिथून समोरच्या मराठी मुलखात लुटालूट करायचा. इंग्रजांना हे पाहुणे नकोसे झाले होते, पण मोगलांना दुखवलं तर सुरतेचा व्यापार बुडणार. मुंबई आणि जंजिरा यांच्यामध्ये आपलं ठाणं असावं हा शिवाजी महाराजांचा विचार जुना; १६७२ सालीच त्यांनी खांदेरीवर काम सुरू करून पाहिलं होतं. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही हरकत घेतली. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, पाऊस सरलेला नसतानाच, महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी शे-दीडशे माणसं आणि बांधकामाचं सामान घेऊन बेटावर उतरला. वेळ अचूक निवडली होती. खवळलेल्या समुद्रात मोठी जहाजं बाहेर काढायला इंग्रज कचरणार, तोवर दगडावर दगड चढणार.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प जबरदस्तीने बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. तो प्यायलेला होता हे आपले बखरकार नाही, त्याच्याच बाजूचे कागद सांगतात. त्यानंतर कुणी उतरायचं धाडस केलं नाही. बेटाची रसद तोडायची, एवढंच हातात उरलं.

आणि तेच जमलं नाही. आम्हाला नेणाऱ्या तांडेलाला मी विचारलं, "काका, रात्री इथून कुणाच्या नकळत जाता येईल?" त्यांनी वळूनही न बघता सांगितलं, "वारा पडला की मोठं गलबत जागचं हलतंय कुठं? वल्ह्याची होडी किनाऱ्याकिनाऱ्याने निघून जाते." मराठ्यांनी हेच केलं. उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या होड्या थळहून दगड, दाणा, माणसं पोचवत राहिल्या. इंग्रजांची 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही जहाजं तोफांच्या जोरावर भारी, पण खोल पाणी आणि वारा दोन्ही लागणारी.

१८ ऑक्टोबरची लढाई सगळ्यांना ठाऊक असते. पहाटे महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार, पन्नासेक लहान गलबतं, इतक्या वेगाने चालून आलं की नांगरलेल्या इंग्रजी जहाजांना शिडं उभारायलाही फुरसत मिळाली नाही. अर्ध्या तासात 'डोव्हर' ही इंग्रजांची गुराब (एक प्रकारचं लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागली. बाकीच्यांनी पळ काढला, एकटी 'रिव्हेंज' टिकून राहिली. तिने काही मराठी गलबतं बुडवली आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीकडे हटली. त्या दिवशी कोण जिंकलं यावर वाद घालणारे घालोत. माझ्या मते त्या दिवसाला वाजवीपेक्षा जास्त भाव मिळतो. वेढा त्याआधीही गळका होता, नंतरही गळकाच राहिला. पुढे सिद्दीही आपला काफिला घेऊन आला, तेव्हा इंग्रजांना कळून चुकलं की बेट पडलं तर ते सिद्दीच गिळणार. मग लढायचं कुणासाठी? जानेवारी १६८० मध्ये त्यांनी जहाजं मागे घेतली आणि तह झाला.

बेटावर दोन टेकड्या आहेत आणि मधल्या खोलगट भागात धक्का. होडी आत शिरताना तटाखालच्या पाण्यात टाकलेले ओबडधोबड दगड नीट बघा. त्यावर धारदार कालवं बसलेली असतात. शत्रूची होडी तटाला भिडू नये म्हणून केलेली ही सोय. अनवाणी उतरलात तर अनुभव येईल, म्हणून रबरी तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट घाला. दक्षिणेकडच्या उंच टेकडीवर १८६७ चा दीपस्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी जाऊन थळकडे तोंड करून उभं राहिलं की रसदीचा अख्खा मार्ग समोर दिसतो. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण इथे या. चाकांच्या गाड्यांवर अजून उभ्या असलेल्या तोफा तटावर आहेत. त्यांवर चढू नका. आणि तो खडक, दगडाने ठोकला की धातूसारखा खणखणतो, तो एकदा वाजवला की पुरे. येणारे जाणारे ठोकतात त्याच्या खुणा त्यावर दिसतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, तेव्हा गर्दी वाढणारच. पाणी आणि खाणं सोबत न्या, कचरा सोबत आणा.

दीपस्तंभापासूनच शेजारचं छोटं बेट, उंदेरीही दिसते. इंग्रज खांदेरीवरून हटत असतानाच सिद्दीने ती बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागू लागला. दौलतखानाचा उंदेरीवरचा हल्ला फसला, तो स्वतः जखमी झाला. म्हणजे महाराजांना हवं ते पुरतं साधलं नाही, हे मान्य करायला हवं. मुंबईच्या दारात चौकी बसली, पण त्या चौकीसमोर सिद्दीचीही चौकी उभी राहिली. तरी मोल कमी होत नाही. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. बेट इंग्रजांना मिळालं ते थेट पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये.

उंदेरीवर उतरायचा हट्ट धरू नका. धक्का नाही, खडपावर लाटा आपटतात, तांडेल नाही म्हणाला तर नाही. पण परतीला तिच्याभोवती एक फेरी मारून घ्या. ही फेरी निघण्याआधीच भाड्यात ठरवून टाका, नाहीतर भर समुद्रात घासाघीस होते. आणि दुपारच्या आत थळला पोचा. नंतर पाणीही पार ओसरतं आणि वाराही चढतो.