टँकर घाटात का थांबला

अप्पांचा फोन आला तो गाडीच्या तक्रारीसाठी नव्हताच, ड्रायव्हरच्या तक्रारीसाठी होता. "टँकर तुझ्याकडे पाठवतोय. पिकअप घेत नाही म्हणतो, ते बघ. पण आधी मशीन लाव आणि मला कागद काढून दे. हा माणूस रात्री गणपती घाटात गाडी चालू ठेवून झोपला होता. डिझेलही काढलं असणार."

अप्पा म्हणजे इंदूरच्या रामबागेतलं जुनं मराठी घर, वडिलांपासूनचा ट्रान्सपोर्टचा धंदा. मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे त्यांचं 'अरे-तुरे' आणि त्यांची उधारी दोन्ही मी चालवून घेतो. माझं दुकान देवास नाक्याकडे. पाना-हातोडीचं काम थोडं, वायरिंग, सेन्सर आणि स्कॅनरचं काम जास्त. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झालं आणि आमच्यासारख्यांचे दिवस पालटले. आता एका ट्रकमध्ये इंजिनाचा वेगळा संगणक, ब्रेकचा वेगळा, युरियाचा वेगळा, आणि सगळे दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यांचं बोलणं ऐकायचे मला पैसे मिळतात.

टँकर दुपारी आला. मुंबईकडून सॉल्व्हंट आणून पीथमपूरच्या औषध कारखान्यात खाली केला होता. रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट, आत पेट घेणारी वाफ असते. म्हणून मी तो नेहमी शेडच्या बाहेरच उभा करतो आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला चहा प्यायला पाठवतो. ड्रायव्हर शिरपूरकडचा, पन्नाशीचा. खाली उतरून त्यानं चाकं बघितली, मग माझ्याकडे आला आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, "मना काय दोष शे भाऊ?"

मागोमाग अप्पा स्कूटरवरून हजर. मोबाइल पुढे केला. नकाशावर लाल ठिपका, खाली 'इग्निशन ऑन, स्पीड 0', आणि पुढे वेळ. धोकादायक माल वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांना असा ट्रॅकर सरकारनंच सक्तीचा केलाय. नव्या मॉडेलच्या गाड्या असतील तर सप्टेंबर 2022 पासून बनलेल्यांना, आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलच्या असतील तर जानेवारी 2023 पासून बनलेल्यांना. बस-टॅक्सीला तर पॅनिक बटणासकट तो त्याआधीच आला होता. हेतू चांगला आहे, रसायनाचा टँकर कुठे आहे हे कळायलाच हवं. पण तीच माहिती मालकाच्या अॅपमध्येही येते, आणि तिथे तिचा उपयोग ड्रायव्हरचा भत्ता कापायला होतो. या ट्रिपचा भत्ता अप्पांनी आधीच कापला होता. कारखान्याच्या गेटवरही 'घाटात गाडी का थांबवली' म्हणून विचारणा झालेली.

स्कॅनर जोडला. युरियाच्या यंत्रणेचे बिघाडाचे कोड ओळीनं उभे. नॉक्स सेन्सरशी संपर्क नाही, युरियाच्या संगणकाशी संपर्क नाही. आणि सगळ्यात खाली, टॉर्क कपात, म्हणजे इंजिनाची ताकद कापल्याची, आणि वेगमर्यादा लागू झाल्याची नोंद.

ज्यांना ट्रकचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिझेल जळताना नायट्रोजनची ऑक्साइड तयार होतात, त्यांना आम्ही नॉक्स म्हणतो. सायलेन्सरच्या आधी त्यात युरियाचं पाणी फवारलं की उत्प्रेरकावर नॉक्सचा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. या पाण्यात युरिया बरोबर 32.5 टक्के हवा, आणि तोही शुद्ध. काही लोक शेतातला युरिया नळाच्या पाण्यात घोळून टाकतात. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, मग इंजेक्टर चोंदतो आणि उत्प्रेरकही जातो. युरिया संपला किंवा यंत्रणा बिघडली तर संगणक आधी दिवा लावतो, मग इंजिनाची चौथाई ताकद कापतो, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर किंवा डिझेल भरल्यावर तिला ताशी 20 किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. हा बिघाड नव्हे, नियमच तसा आहे. चालकानं युरिया भरावा म्हणून त्याला मुद्दाम सतावायचं.

मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, युरिया शेवटचा कधी भरला?"

"या गाडीवर आल्यापासून नाही भरला भाऊ. शेठ बोलले, हिला लागत नाही."

अप्पा मोबाइलमध्ये बघायला लागले.

युरियाच्या टाकीचं झाकण उघडून सळई घातली. सळई कोरडी वर आली, टोकाला पांढरी भुकटी. टाकीच्या भिंतीला मिठागरासारखा थर. मग केबिनमधली फ्यूजची पेटी खोलली. तिच्या मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेली काडेपेटीएवढी डबी. तीच ती. ट्रान्सपोर्ट नगरात कुणालाही विचारा, 'युरिया बंद करून देतो' म्हणणारे भेटतात. ही डबी त्या दोन तारांवर बसते आणि इंजिनाच्या संगणकाला खोटं सांगत राहते की टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, नॉक्स आटोक्यात आहे. वर्गात गैरहजर मित्राच्या नावाला 'हजर' म्हणून ओरडणारा असतो ना, तसा हिचा धंदा. पण हिच्या आतला तारेचा एक टाका सुटला होता. बोटानं दाबली की डॅशबोर्डवरचा युरियाचा काटा पाऊण टाकीवर चढायचा, सोडली की धाडकन शून्यावर. मी हे अप्पांना समोर बसवून पुन्हा पुन्हा करून दाखवलं. खोटं सांगणार नाही, त्यात मला थोडी मजाही आली.

आता घाटाचा हिशेब. मुंबईकडून येताना आधी सेंधवा लागतं, मग नर्मदा, मग धामनोद आणि मग गणपती घाटाचा चढ. कोड आला त्या क्षणाची स्थिती इंजिनाचा संगणक जपून ठेवतो, त्यात किलोमीटरचा आकडा असतो पण घड्याळाची वेळ नसते. ट्रॅकरकडे वेळ आणि जागा असते, कारण नसतं. मधला दुवा ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात निघाला. धामनोदच्या पंपाची पावती, तिच्यावर वेळ छापलेली, आणि त्यानं सवयीनं पेननं मागे लिहिलेलं किलोमीटरचं रीडिंग. टोलचा एसएमएस अप्पांच्याच मोबाइलवर होता. सगळं एका कागदावर मांडलं. पहिला कोड सेंधव्याच्या पुढचा. ताकद कमी झाली ती नर्मदेच्या अलीकडे. धामनोदला डिझेल भरलं, गाडी बंद करून चालू केली, आणि 20 ची मर्यादा पडली ती पावतीवरच्या रीडिंगपासून पाचशे मीटरच्या आत. तिथून पुढे भरलेला टँकर घेऊन हा माणूस घाट चढायला निघाला होता.

"सेंधव्यालाच दिवा लागला तेव्हा मी शेठना फोन केला होता," तो म्हणाला. "ते बोलले, लाइट लागतच असते, चालव."

"मग घाटात गाडी चालू का ठेवली? बंद करून टाकायची," अप्पा.

"शेठ, चढावर गाडी दम टाकायला लागली. मागून गाड्या येत होत्या. कडेला घेतली, चाकामागे दगड लावले. इंजिन बंद केलं असतं अन् ब्रेकची हवा उतरली असती तर चाकं जाम. मग सॉल्व्हंटची गाडी रस्त्यात अडकली असती. झोपतो कुठे, मी तर बॅटरी घेऊन मागं उभा होतो, गाड्यांना हात दाखवत."

गणपती घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यावर काही सांगायला नको. उतारावर ब्रेक निकामी होऊन तिथे किती गाड्या जळाल्या, हे इंदूरच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आलंय. आणि ट्रॅकरनं या माणसाच्या रात्रीचं वर्णन केलं ते 'स्पीड 0' एवढंच.

काचेवर पीयूसी चिकटवलेलं होतं, मुदतीतलं. अप्पांनी तेच बोट लावून दाखवलं, "बघ, पास आहे." पास असणारच. डिझेल गाडीला पीयूसीवाला अॅक्सिलेटर दाबून धूर किती गडद येतो तेवढंच मोजतो. नॉक्स त्या मोजणीत येतच नाही. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतंय, पण नॉक्स झाडूनं निघत नाही. जिथे हा टँकर खाली झाला त्या पीथमपूरलाच नॅट्रॅक्स आहे, 11.3 किलोमीटरचा चाचणीचा ट्रॅक, जगभरच्या कंपन्या नव्या गाड्या तिथे पळवतात. नवी गाडी तपासायला एवढा थाट, आणि चार वर्षांनी तिच्या फ्यूजपेटीमागे काय बसलंय हे बघायला माझ्यासारखा वायरमन, तोही चुकून.

2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण निघालं तेव्हा जगभर 1 कोटी 10 लाख गाड्यांमध्ये लबाडी कंपनीनंच सॉफ्टवेअरमध्ये घालून दिलेली होती. चाचणी चालू आहे हे गाडीला कळायचं आणि ती तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. इथे लबाडी गल्लीतली आहे, एवढाच फरक. बरं, सरकारी ट्रॅकर आणि ही डबी यांच्यात त्या केबिनमध्ये वीतभराचंही अंतर नव्हतं. एक ड्रायव्हरची जागा सेकंदांच्या हिशेबानं वर पाठवतोय, दुसरी हवेबद्दल थापा मारतेय, आणि पहिल्याला दुसरीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून नॉक्सचे आकडेही वर पाठवा, असं मात्र मी म्हणणार नाही. ते आकडेही आधी अप्पांच्याच अॅपमध्ये दिसतील आणि त्यांचाही दंड ड्रायव्हरवरच निघेल. त्याच्याबद्दलची सगळी नोंद सगळ्यांकडे आहे, त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ते अॅपसुद्धा नाही.

अप्पांना मी मोटार वाहन कायद्यातलं 182-अ कलम सांगितलं. गाडीत असा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड. ते म्हणाले, "गाडी घेतली तेव्हापासूनच होतं ते." मी काही बोललो नाही. पंप, दोन सेन्सर, इंजेक्टर आणि उत्प्रेरक यांचा अंदाज लिहून दिला. आकडा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "नवी डबी किती दिवसांत मिळेल?"

"अप्पा, ते काम मी करत नाही."

"मग दुसरीकडे बघतो."

"बघा. पण भत्ता आत्ता द्या."

तो त्यांनी दिला. कुरकुरत, मोबाइलवरून, आणि शेऱ्यात 'अॅडव्हान्स' असं लिहून. मी बिलावर लिहिलं, 'युरिया यंत्रणा बंद स्थितीत आढळली, मालकास सांगितले, घाटातील थांबा वेगमर्यादेमुळे', किलोमीटरचे आकडे टाकले आणि अप्पांची सही घेतली. डबी काढून त्यांच्याच हातात दिली. ते स्कूटर चालू करत होते तेव्हा ड्रायव्हर काउंटरवर वाकून ते बिल वाचत होता.

"भाऊ, याचा एक फोटो मला पण पाठवा. आणि मागच्या पावतीचा पण."

मी दोन्ही फोटो काढले आणि त्याचा नंबर विचारला.