तुम्ही विचारलंत म्हणून: हिंदी कवयित्री नुसत्या चिडलेल्याच असतात का?

हिंदीतल्या आजच्या कवयित्रींबद्दल मी भरभरून बोलायला लागले की कुणीतरी हमखास विचारतं, "पण त्या सगळ्या पुरुषांवर चिडलेल्याच असतात ना?"

राग आहे, आणि का नसावा? साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. हिंदी कवितेसाठी तो एखाद्या बाईला, अनामिका या कवयित्रीला, मिळायला २०२० साल उजाडावं लागलं.

पण विचारणाऱ्याच्या हातात मी आधी निर्मला पुतुल यांची 'उतनी दूर मत ब्याहना बाबा' ठेवते. पुतुल झारखंडमधल्या दुमक्याच्या, संथाल आदिवासी. कवितेत लग्नाच्या वयात आलेली मुलगी बापाला अटी घालते. मला भेटायला यायचं म्हणून घरच्या शेळ्या विकाव्या लागतील, इतक्या लांब देऊ नका. जिथे जंगल नाही, नदी नाही, डोंगर नाही, तिथे नको. ज्याने कधी झाड लावलं नाही, पीक काढलं नाही, त्याच्या हातात माझा हात नको. सकाळी चालत निघून संध्याकाळी परत येता येईल, असं घर बघा. यात बापावर आरोप नाही. उलट बापावर किती जीव आहे! आणि तरीही लग्न ठरवण्याचा सगळा अधिकार तिने हळूच स्वतःकडे ओढून घेतलाय. शेळ्यांची काळजी आणि स्वतःची किंमत ती एकाच दमात बोलते. माझ्या लेखी स्त्रीवाद तो हाच, घरच्या हिशेबात मुरलेला.

कात्यायनींची 'सात भाइयों के बीच चम्पा' मात्र अंगावर येते. चंपाला उखळात कांडतात, तळ्यात गाडतात, जाळून राख गावभर उधळतात. ती दर वेळी उगवते. लोककथेचा बाज आणि आजचा खून, दोन्ही एका कवितेत.

आणि या बायका एकच गाऱ्हाणं गात नाहीत. पुतुलना बाईच्या जोडीने जंगलाचं बोलायचं असतं, तर सुशीला टाकभौरे जात बाजूला ठेवून बाईबद्दल बोलायला तयार नाहीत. त्या जन्माने मध्य प्रदेशातल्या, पण लग्नानंतर आयुष्य गेलं नागपुरात. कॉलेजात शिकवलं, हिंदीत कविता लिहिल्या, 'शिकंजे का दर्द' हे आत्मकथन लिहिलं. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर मराठीत आपण इतकं बोलतो, आणि नागपूरच्या या बाईचं नाव किती मराठी वाचकांनी ऐकलंय? मला याचं फार वाईट वाटतं. पुतुलनंतर टाकभौरेच वाचा.