जोतं दिसत नाही

घरकुलांच्या तपासणीचं माझं काम बहुतेक मोबाइलवर चालतं. जागेवर जायचं, लाभार्थ्याला बांधकामासमोर उभं करायचं, अ‍ॅपमधून फोटो काढायचा. फोटोला अक्षांश-रेखांश लागले की पुढच्या हप्त्याची वाट मोकळी. टप्पे ठरलेले आहेत: आधी मोकळी जागा, मग जोतं, म्हणजे जमिनीवर दिसणारा घराचा चौथरा, मग भिंती-छत, मग पूर्ण. कार्यालयात रोज विचारतात, "जोता लेव्हल किती झाली?" पाया किती झाला, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. पाया जमिनीखाली असतो, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला रकानाही नाही.

परभणीकडच्या जमिनीत हे फार महागात पडतं. आमच्याकडची जुनी गावं पांढरीवर वसलेली. पांढरी माती फुगत नाही, तिच्यावर दगडमातीच्या भिंती आणि माळवदं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही वाटणी जुन्या लोकांनी काही उगाच केलेली नव्हती. आता गावठाणात जागा उरली नाही, म्हणून नवी घरकुलं निघतात ती काळीत.

एका मे महिन्यात यादीतली शेवटची जागा एका म्हाताऱ्या मामांची होती. मामांनी जन्मभर विहिरी खांदल्या. त्यांच्या शेजारच्या घरकुलाचं जोतं तयार होतं, दीड-दोन फूट खोदून वर विटांच्या चार थरांचं, आत मुरूम भरलेलं. फोटो झकास आला. मामांच्या जागेवर मात्र जमिनीच्या वर काहीच नव्हतं. मातीचे ढीग, बांधून ठेवलेले गजांचे सांगाडे आणि सहा खड्डे.

"सायब, वाकून बघा की," मामा म्हणाले. "कठीण लागल्याबिगर थांबलो नाही."

मी खड्ड्यात टेप सोडली. नऊ फुटांच्या आसपास मुरूम लागला होता. वरून खड्डा जेमतेम माणूस उतरेल एवढा, पण तळाशी चारी बाजूंनी कोरून घागरीसारखं पोट काढलेलं. "वरची काळी उचलाया लागली तर खालून धराया पाहिजे ना," एवढंच स्पष्टीकरण. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, विकसित केली, ती याच तत्त्वावर. साधारण साडेतीन मीटर खाली जायचं, कारण तिथपर्यंत ऋतूंप्रमाणे मातीतला ओलावा बदलतो, आणि तळाचा फुगा खांबाच्या व्यासाच्या अडीचपट ठेवायचा. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात हे सगळं आहे. मामांनी ते कुदळीने केलं होतं, वर एक पोरगा दोर धरून उभा. मेमध्ये काळी भेगाळलेली असते, कड कधी ढासळेल याचा नेम नाही. त्याबद्दल मी त्यांना बोललो, पण खड्डा बघून मनातून खूश झालो होतो हे खोटं कशाला सांगू?

लोकांना, आणि आमच्यातल्या बऱ्याच इंजिनिअरांनाही, वाटतं की घर लहान तर पाया लहान. काळीत नेमकं उलटं असतं. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं, आणि त्या फुगण्याचा दाब २६९ चौरस फुटांच्या घराच्या वजनापेक्षा सहज जास्त होऊ शकतो. मोठी इमारत निदान आपल्या भाराने तिला दाबून धरते. हलकं घर पावसाळ्यात उचललं जातं आणि उन्हाळ्यात खाली बसतं. माती किती फुगते ते बघायचं तर वाळलेली, चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्या, एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची उंची बघितली की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आता फक्त रॉकेल मिळवणं कठीण झालंय.

मामांचा पहिला हप्ता खड्ड्यांत आणि गजांत संपला होता. काँक्रीटला पैसे नव्हते, आणि पुढचा हप्ता जोत्याच्या फोटोशिवाय नव्हता. एका सहकाऱ्याला फोन केला तर तो हसला. "विटांचे चार थर नुसते रच, म्हाताऱ्याला पुढं उभा कर, क्लिक." असे फोटो निघतात, आणि ते मंजूरही होतात. मी टेप दिसेल असे खड्ड्यांचे फोटो काढले, 'पायाचे काम प्रगतीत' अशी टिपणी जोडली आणि पाठवली. शेरा आला: 'जोता दिसत नाही.' ज्याने तो लिहिला त्याला तरी काय बोलणार? त्याच्या स्क्रीनवर खरंच जोतं दिसत नव्हतं.

मामांनी पावसाआधी उधारीवर सिमेंट आणून खड्डे भरले. गज-सिमेंटच्या दुकानदाराने दर चढा लावला, तो लावणारच. जोतं वर आलं दिवाळीच्या सुमारास. तोवर शेजाऱ्याचा स्लॅब ओतून झाला होता.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या बाजूला गेलो. शेजाऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघून थेट छताकडे गेली होती आणि दार चौकटीत अडकत होतं. भेगा भरायला योजनेत पैसे आहेत का, असं त्याने विचारलं. नाहीत. मामांच्या भिंतीला केसाएवढीही भेग नव्हती. पण डोक्यावर पत्रे होते. मूळ अनुदान १,२०,००० रुपयांचं, त्यातला मोठा वाटा जमिनीखाली गेल्यावर स्लॅबला काही उरलं नाही. मामी चहा देताना म्हणाल्या, "एवढं सिमिट खाली गाडलं, अन् वरून ऊन खायलोय आम्ही." मामा ऐकून न ऐकल्यासारखे बसले. रेकॉर्डला दोन्ही घरं 'पूर्ण' आहेत.

तेव्हापासून मी कागदावर हिशेब मांडतोय. तीन-चार फूट काळी काढून टाकली, तिथे चोपून मुरूम भरला, वर जोत्याच्या पातळीला सलग काँक्रीटची तुळई, म्हणजे प्लिंथ बीम, घेतला आणि भिंतीभोवती पाणी मुरणार नाही असा फरशीचा पट्टा केला, तर खर्च मामांच्या निम्म्याच्या आसपास येतो. भेगा अजिबात पडणार नाहीत असं नाही, कमी पडतील. त्या दिवशी हे सुचवलं असतं तरी खड्डे झालेले होते. आणि ते पोट काढलेले खड्डे बुजवा, असं सांगायला माझी जीभ रेटली असती का, तेही कळत नाही.

आता काळीत नवी घरकुलं मंजूर झाली आहेत. मोकळ्या जागेचा फोटो काढायला जाताना गाडीला पहार बांधून नेतो. पहारीने वरच्या तीन-चार फुटांचं कळतं, त्याखालचं गावातल्या विहीरवाल्यालाच विचारावं लागतं. तो सांगेल ती खोली मी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवतो.