द कॅसल बघितला आज

आज द कॅसल बघितला. १९९७ चा ऑस्ट्रेलियन पिक्चर, डिरेक्टर रॉब सिच. सुरुवातीला वाटत राहतं की टीव्हीवरचा एखादा एपिसोडच लावलाय, साधासुधा उजेड, बराचसा कारभार घरातल्या घरात, आणि घरातला धाकटा मुलगा डेल मागून एकेकाची ओळख करून देतोय. तसं वाटणारच म्हणा, रॉब सिच, सँटो चिलाउरो, टॉम ग्लाइस्नर आणि जेन केनेडी ही चौकडीच टीव्हीवर कॉमेडी करत आलेली, आणि शूटिंग उरकलं अवघ्या ११ दिवसांत. पण मला ते खटकलं नाही, उलट या घराची गोष्ट चकचकीत करून दाखवली असती तर ती खोटी वाटली असती.

घर मेलबर्नच्या कूलारूमधलं, विमानतळाला खेटून. डोक्यावरून विमानं, बाजूला हाय टेन्शनच्या तारा. मालक डॅरिल केरिगन टो ट्रक चालवतो, आणि त्याला यातलं काहीच वाईट दिसत नाही! विमानतळ जवळ आहे, म्हणजे कधी विमानाने जायची वेळ आलीच तर किती सोयीचं. तारांचे टॉवर बघून त्याला माणसाने वीज तयार केली याचं कौतुक वाटतं. घराला खोटी चिमणी लावलीये तिचा तर केवढा अभिमान.

जेवणाचा सीन मी मागे नेऊन परत बघितला. बायको सॅल ताटं वाढते, डॅरिल विचारतो हे काय केलंयस, ती म्हणते चिकन. मग वर काय भुरभुरवलंयस, तर मसाला. साधं चिकन हो, पण हा माणूस असा खूश होतो की जणू पंचपक्वान्नं वाढलीयेत, आणि हे रोजचं आहे. पोरीने हेअरड्रेसिंगचा कोर्स केला त्याचंही तेवढंच कौतुक. थोरला वेन जेलमध्ये आहे, त्याच्यावरची मायाही तसूभर कमी नाही. हे लोक अडाणी आहेत असं म्हणून पिक्चर त्यांना कुठेही हसत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

मग विमानतळ वाढवायला घर ताब्यात घेण्याची नोटीस येते. डॅरिल ठाम, घर द्यायचं नाही, पैसे कितीही द्या. वकील डेनिस डेनुटो छोटी कामं करणारा, झेरॉक्स मशीनशीच भांडत बसलेला, तो कोर्टात घटनेचं कुठलं कलम मोडलंय ते सांगू शकत नाही, शेवटी म्हणतो ती एकूण भावनाच तशी आहे. आणि माबो खटल्याचं नाव घेतो, १९९२ चा, ज्यात ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क हायकोर्टाने मान्य केला. त्यामुळे गोष्ट एका घरापुरती राहत नाही. पुढे रिटायर्ड वकील लॉरेन्स हॅमिल फुकट केस लढतो आणि खरं कलम ५१ (३१) मांडतो, सरकारने मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवर. पनवेलकडे विमानतळासाठी उठलेली गावं आठवली, तिथल्या लोकांनाही घर म्हणजे नुसता मोबदल्याचा आकडा नव्हता.

जावई कॉन झालाय एरिक बाना, त्याचा हा पहिलाच पिक्चर, ओळखूच आला नाही मला. मायकेल कॅटनचा डॅरिल मात्र डोक्यातून जात नाहीये. रविवारी बाबांना दाखवते, बोली जरा अवघड आहे पण जेवणाचा सीन त्यांना सबटायटलशिवायही कळेल.